नानाजी गुरुजींचा घरचा आवाज

नानाजी दोनाडकर गुरुजींना दोन मराठ्या येत. एक शाळेची आणि एक घरची. शाळेची मराठी कडक इस्त्रीची. तिला सुरकुती चालत नसे. घरची मराठी बनियनवर बसलेली, पाय पसरून. गुरुजींचं घर तलावाच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला. सकाळी सायकल तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढली की 'मले' चं 'मला' होई आणि संध्याकाळी पाळ उतरली की 'मला' चं पुन्हा 'मले'. मधल्या पाळीवर कोणी हाक मारली तर गुरुजी नुसती मान हलवत. तिथं कोणती मराठी लागू आहे हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नसे.

वडशापासून आत गेल्यावर लागणाऱ्या या बोडीटोल्यात पोरं जन्मतःच झाडीबोली बोलतात. त्यांच्या जिभेला 'ळ' ठाऊक नाही. डोळ्याला डोरा, सकाळला सकार, फळाला फर. गुरुजींनी सारी नोकरी या एका अक्षराच्या मागं घालवली म्हटलं तरी चालेल. पहिलीच्या वर्गात ते उकिडवे बसत, तोंड उघडत, जीभ उलटी टाळूला लावत आणि म्हणत, "बघा, जीभ पाहुणी आली. वरच्या खोलीत बसवा. आता सोडा. ळ!" पोरं जीभ वरच्या खोलीत बसवत आणि सोडताना म्हणत, "र!"

मग शाळेत वाचनाचं ॲप आलं. पोरानं फोनवरच्या चित्राखालचा शब्द वाचायचा. बरोबर आला तर हिरवी खूण, चुकला तर लाल. करिष्मा नावाच्या पोरीनं फळाचं चित्र लगेच ओळखलं आणि ठणकावून वाचलं, "फर!" लाल. "फर!" लाल. तिसऱ्यांदा तिनं फोन कानाशी नेला, मग गुरुजींकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "गुरुजी, याले कमी आयकू येते का?"

गुरुजी पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले, "त्याला नीट ऐकू येतं बाळ. फळ. पुन्हा म्हण." कारण शाळेत होते ना ते.

टाळेबंदीत शाळा मिटली तेव्हा गुरुजी व्हॉट्सॲपवर शिकवू लागले. रोज एक धडा, आवाजात रेकॉर्ड केलेला. सुरुवात ठरलेली: "बालमित्रांनो, सर्वांचे लक्ष आहे ना?" ज्या घरी एकच फोन, तिथं तो चुलीपाशी टेकवलेला असे आणि पोरांपेक्षा बायाच जास्त ऐकत. धान रोवायला वाकलेल्या बाया एकमेकींना 'सर्वांचे लक्ष आहे ना' म्हणून चिडवत. एक म्हातारी तर आशाबाईंना म्हणाली, "तुह्या मालकाचा आवाज मोठा गोड हाय व बाई. घरी बी असेच बोलतेत का?"

आशाबाई, म्हणजे गुरुजींच्या घरच्या. त्या म्हणाल्या, "घरी असं बोल्ले तं म्या जेवाले देईन का?"

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, मात्र दोन्ही मराठ्यांत चालायचा. पोरांच्या खिशातला खर्रा गुरुजी जप्त करत, त्यावर पाच मिनिटं बोलत आणि सायकलवर बसल्यावर स्वतःच्या खिशातला तोंडात टाकत. आवाज बसला तेव्हा त्यांना वाटलं, थंडीनं. मग वाटलं, धुळीनं. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं आणि नागपूरच्या डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल म्हणून सांगितलं. जीव वाचेल. आवाज नाही.

गुरुजींनी एकच प्रश्न विचारला, शाळेच्या मराठीत. "किती दिवस हातात आहेत?" थोडे होते.

त्या दिवसांत दुसऱ्या कोणी देवदर्शन केलं असतं. गुरुजींनी पहिलीचं पुस्तक रेकॉर्ड केलं. सगळं. मुळाक्षरं, बाराखडी, कविता, गोष्टी. शांत जागा म्हणून गुरांचा कोठा निवडला. बैल विकून झाले होते, कोंबड्या तेवढ्या होत्या. आशाबाई फोन धरून समोर उभ्या राहत. श्वाससुद्धा दबकत घेत, आपला आवाज धड्यात जाऊ नये म्हणून. गुरुजी पाणी पिऊन, घसा शेकून, एकेक ओळ बसल्या आवाजातून वर काढत. मध्येच कोंबडी ओरडे. गुरुजी थांबत आणि वैतागून म्हणत, "हाकल वं तिले! मले दम नाई पुरून राह्यला, अन् हे इथी गाना म्हनते!" आशाबाईंना हसू आवरत नसे. फोन हले. गुरुजीही हसत, खोकत, मग म्हणत, "काऊन वं, तुहे डोरे काऊन लाल झाले? धूर नाई, काई नाई." आशाबाई तोंड फिरवत. "कुठी लाल हायेत? तुमी वाचा जी."

धडा बिघडला. गुरुजी तो पुसून टाकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. बिघडलेले धडे पुष्कळ झाले; फोनमध्ये जागा कमी, म्हणून पुसत गेले. शेवटी राहिलं ते पुस्तक स्वच्छ होतं. एक कोंबडी नाही, एक खोकला नाही, एक 'मले' नाही.

शस्त्रक्रिया झाली. गळ्यापाशी भोक, त्यावर पांढरी जाळीची पट्टी. गुरुजी बरे झाले, आणि खरं सांगायचं तर शाळेत त्यांचं फार अडलंही नाही. टेबलावर छोटा स्पीकर, त्यातून गुरुजींचा आवाज. समोर उकिडवे बसलेले गुरुजी तोंड उघडून जीभ वरच्या खोलीत बसवणारे. स्पीकर म्हणे "ळ", गुरुजींची जीभ सुटे. पोरांना वाटे, गुरुजींचा आवाज आता टेबलावर राहायला गेला आहे. पोरं कशालाही सरावतात. त्या वर्षी फोनवर हिरव्या खुणा कधी नव्हत्या इतक्या आल्या. साहेब लोक येऊन पाहून गेले, टाळ्या वाजवून गेले.

अडलं ते पाळीच्या अलीकडं.

घरी गुरुजी पाटीवर लिहीत. आशाबाईंना वाचता येई, चौथीपर्यंत शिकलेल्या. पहिल्याच दिवशी गुरुजींनी लिहिलं, 'मला भूक लागली.' आशाबाई वाचून हसल्या. "मला म्हने! आमी का साहेब लोक होवो काय?" गुरुजींनी पुसून 'मले' लिहायला खडू टेकवला आणि हात थांबला. इतकी वर्षं ज्या शब्दाखाली लाल रेघ ओढली तो शब्द हातातून उतरेना. लिहिला तेव्हा तो त्यांना कोण्या पोरानं चुकून लिहिल्यासारखा दिसला.

त्यानंतर पाटी कमी होत गेली. जेवण झालं, ताट सरकवलं, मान हलली, झालं. आशाबाई एकट्याच बोलत. कोंबड्यांची, शेजारच्या रुखमाची, नळाची. आणि बोलता बोलता मध्येच गप्प होत, समोरून 'हौ' येईल म्हणून. 'हौ' येत नसे. त्या घरात हे 'हौ' किती वेळा होत असे हे कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

मुलगी मयुरी ऊर्जानगरला असते, नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये. संक्रांतीला आली ती एक बातमी घेऊनच. फोनमध्ये आता असं निघालं आहे म्हणे, की माणसाचे जुने आवाज त्याला ऐकवायचे. तो ते शिकून घेतो आणि मग आपण लिहू ते त्या माणसाच्या आवाजात बोलतो.

"बाबाच्या आवाजात?" आशाबाईंनी हातातलं तिळाचं ताट खाली ठेवलं.

"बाबाच्याच. इतके धडे आहेत ना आपल्याकडे. रिकॉर्डिंग तर एकदम साफ आहे."

"अन् माह्यासंग बोलतीन?"

"हो आई. बाबा लिहितील, फोन बोलेल."

दोन दिवस मयुरी फोनला बापाचा आवाज शिकवत बसली. आशाबाई दोन दिवस दर थोड्या वेळानं विचारत, "शिकला का वं?" तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं.

गुरुजींच्या हातात फोन दिला. गुरुजींनी विचार केला आणि सगळ्यात सोपं लिहिलं, 'मले भूक लागली.' फोननं मध्येच आपली अक्कल चालवून 'मले' चं 'मेले' केलं आणि गुरुजींच्या खणखणीत, टाळेबंदीतल्या आवाजात म्हणाला, "मेले. भूक लागली."

"कोन मेले?" आशाबाई दचकून म्हणाल्या.

मयुरी हसता हसता पडायची राहिली. गुरुजींचेही खांदे हलले. तिनं फोनची ती दुरुस्तीची खोड बंद केली. "आता लिहा बाबा. जसं बोलत होते ना घरी, तसंच लिहा."

गुरुजींनी हळूहळू टिपून लिहिलं. 'काऊन वं, जेवली का नाई?' बोट दाबलं.

आवाज गुरुजींचाच होता. तंतोतंत. पण त्यानं 'का-ऊन' असे दोन तुकडे केले, 'वं' ला ओळखच दिली नाही, आणि 'जेवली का नाई' शेवटाला असं वर नेलं, की जणू सगळ्या वर्गानं मिळून उत्तर द्यायचं आहे. बालमित्रांनो, जेवली का नाई?

आशाबाईंचा हात आपोआप डोक्याकडं गेला. त्यांनी पदर पुढं ओढून घेतला, साहेब लोक दारात आल्यावर ओढत तसा.

गुरुजींनी ते पाहिलं. मयुरीनं पाहिलं नाही, ती फोनमध्ये होती. "पुन्हा लिहा बाबा, आणखी लिहा." गुरुजींनी लिहिलं, 'तुहे डोरे काऊन लाल झाले?' फोन 'डोरे' वर अडखळला आणि प्रत्येक शब्द शिकवल्यासारखा म्हणून मोकळा झाला.

"बंद कर बाई," आशाबाई म्हणाल्या. "हे गुरुजी होत. शाळेतले. माह्या घरचे नाई."

"आई, त्याला घरचं बोलणं ऐकवलं तर शिकेल तो. एखादी रिकॉर्डिंग असेलच ना."

मग शोध सुरू झाला. लग्नाचा व्हिडिओ निघाला, मयुरीच्याच. त्यात गुरुजी वऱ्हाड्यांशी पंगतीत बोलताना दिसत होते, भरपूर बोलताना, पण आवाज सगळा डीजेचा. ओठ हलत होते. वडशाच्या एका मंडळात गुरुजींनी कधीतरी झाडीपट्टीच्या नाटकात काम केलं होतं, तेही कोणीतरी मोबाइलवर टाकलेलं सापडलं. आशाबाई पुढं सरकून बसल्या. पडदा उघडला आणि गुरुजी मुकुट घालून म्हणाले, "प्रधानजी, आमच्या राज्यात प्रजा सुखी आहे ना?"

"राजाचंच काम भेटलं तुमाले," आशाबाई म्हणाल्या. "नोकराचं घेतलं असतं तं काय झालं असतं?"

मयुरीला आलेले फोनही काही कामाचे नव्हते. पोरीनं नीट बोलावं म्हणून गुरुजी तिच्याशी नेहमी 'मला-तुला' तच बोलत. गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कोठा दिसत होता. कोंबडी दिसत होती. त्यांनी पाटी ओढली आणि शाळेच्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'बिघडलेले धडे मी पुसून टाकले.'

मयुरीनं फोन बराच वेळ उलटासुलटा केला.

"आई," थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू म्हणून दाखव ना. बाबा कसे म्हणायचे, तसं. चाल तरी कळेल त्याला. तुला तर पाठ असेल."

"पाठ म्हंजे! जनमभर आयकलं." आशाबाईंनी पदर मागं सारला, मांडी घातली, घसा साफ केला. मयुरीनं फोन समोर धरला. "काऊन वं," आशाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. ते त्यांचंच निघालं होतं. "थांब. ते 'वं' जरासं खाली नेत. काऊन वंऽ... नाई. काऊन वं..."

समोर बसलेले गुरुजी ओठांनी म्हणत होते. काऊन वं. त्यांना तो सूर कानात लख्ख ऐकू येत होता. फक्त त्यांना. त्यांनी मान हलवली, नाही. बोटानं खूण केली, आणखी खाली. आशाबाई त्यांच्या ओठांकडं पाहत पुन्हा म्हणाल्या. पुन्हा मान, नाही. पुन्हा. आशाबाईंच्या कपाळावर घाम आला. आठवणारं काहीतरी जिभेवर येऊन परत जात होतं.

"मले येत होतं," त्या मयुरीकडं वळून म्हणाल्या. "आताआतापर्यंत येत होतं वं. पानी भरताना आयकू येत होतं."

त्यांनी आणखी एकदा म्हटलं. त्यात गुरुजींचं काहीच नव्हतं. होता तो दमलेल्या बाईचा आवाज. गुरुजींनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि जोरात मान हलवली. हो. हेच. बरोबर. दोन्ही हात वर करून टाळीसुद्धा वाजवली, हिरवी खूण आल्यावर वर्गात वाजवत तशी.

"लबाड बोलता जी," आशाबाई म्हणाल्या. मयुरीच्या हातातला फोन त्यांनी हळूच उलटा करून जमिनीवर ठेवला, तिळाचं ताट उचललं आणि आत गेल्या.