अल्बमवर भावजींचं नाव

आज जपात मन लागलं नाही. बोटं माळ ओढत होती, कान मात्र भावजींच्या खोलीकडे. त्यांच्या बँडचा नवा अल्बम आज आला, कितीतरी वर्षांनी.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लिफ्ट दुरुस्त करतात, लग्न केलं नाही, आणि तरुणपणापासून चौघा मित्रांच्या थ्रॅश मेटल बँडमध्ये ड्रम वाजवतात. ते संगीत इतकं वेगवान आणि कर्कश, की सासूबाई म्हणायच्या, "याला भांडी घासायला बसवा, आवाजाचं चीज तरी होईल."

आता बाकीचे तिघे तीन गावांना. जो तो आपला भाग घरीच वाजवून पाठवतो. भावजींनी मागच्या खोलीला गाद्या लावल्या आणि सगळा उन्हाळा मनगटाला पट्टा बांधून एकट्याने वाजवलं. भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला सगळं पाठच झालं. शेवटच्या गाण्यात वेग दुप्पट होतो, तिथे त्यांचा हात किंचित अडखळायचा, जिना चढणारा माणूस वळणावर दम घेतो तसा.

"एवढं एकदा माझ्या हातून निघू दे वहिनी, मग वाजवणं सुटलं तरी चालेल," म्हणायचे. देवाकडे मीही तेवढंच मागितलं.

दुपारी त्यांनी मला बोलावून अल्बम लावला. शेवटचं गाणं आलं, वेग दुप्पट झाला, हात कुठेच अडखळला नाही.

"जमलं की हो भावजी. अगदी लोण्यासारखं."

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "हा माझा हात नाही. कॉम्प्युटरने वाजवलंय. सगळीच गाणी."

मी कव्हर हातात घेतलं. ड्रमपुढे त्यांचंच नाव होतं.

तेवढ्यात गाणाऱ्या मित्राचा फोन आला. त्याला सगळे बोका म्हणतात. आवाज असा, की दारात उभी राहूनही मला शब्दन् शब्द कळत होता.

"अरे, कॉम्प्युटरचं सांगणारच होतो. त्या मनगटाला आणखी किती ताणायचं? रागावलास का?"

"छे रे. छान वाजवलंय मी."

पलीकडे बोका मोठ्यांदा हसला. त्याला तो विनोद वाटला असावा. भावजींनी फोन ठेवला.

"दोन घास खाऊन घ्या," मी म्हणाले.

"कुठेतरी लिफ्ट अडकलीय," म्हणत त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. हत्यारांची पेटी दारामागेच राहिली.