अंजिराला भातासारखं पाणी

धनगराच्या एका म्हातारीनं आम्हाला वाचवलं, हे आधी सांगते. आमची चूक मग सांगते, कारण ती सांगायची म्हणजे जरा लाजच वाटते.

आम्ही नवरा-बायको घाटाखालचे, भातवाले. माझी शाळा तिसरीतच सुटलेली. वरंध घाट चढून, हिर्डोशीत एक मुक्काम करून वरव्याला आलो, ते तिथली अंजिराची बाग सांभाळायला. मालक भोरला राहायचे. फळ पिकलं की येऊन चाखणार आणि मग आम्हाला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. काढलं तर जायचं कुठं? गावाकडे भात थोडा आणि तोंडं फार.

म्हणून झाडांची जिवापाड सेवा केली. भाताचं कसं, खाचरात पाणी उभं राहिलं की पीक खूश! हे दिवसभर मोट हाकायचे, मी पाट वळवून झाडांची आळी काठोकाठ भरायची, वर शेणाच्या पाट्या ओतायची. अंजिरं पेरूएवढी झाली. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो.

मग ती फुटायला लागली.

शेजारच्या पडीक रानात मेंढरं घेऊन उतरलेली ही म्हातारी पाण्याला विहिरीवर आली. मी एक अंजीर पुढे केलं. तिनं चावलं आणि थुंकलं.

“पोरी, पानीच प्यायचं तर हीर हाय की! अंजीर कशाला खावा?”

मालक यायला जेमतेम पंधरा दिवस. मला रडूच फुटलं.

“आता रडून आनखी पानी नगं घालूस,” ती म्हणाली. “मोट सोडा. शेन वढा बाजूला. झाडाला जरा तान बसू दे, मंग गोडी उतरंल.”

मोट सुटली. पण दुपारी पानं मलूल झाली की माझी नजर विहिरीकडे जायची. एकदा पदराआड कळशी घेऊन निघालेच. म्हातारी काठी घेऊन विहिरीवर बसलेली.

“कुठं निगालीस?”

“भांडी घासायला, आजी.”

“व्हय? भांडी कुठं हायती?”

त्या दिवसापासून मेंढरं सुनेवर सोपवून तिनं विहिरीवर ठाणंच मांडलं. फुटकी फळं आम्ही काढून टाकली. मागून पिकली ती लहानच राहिली.

मालक आले. एक खाल्लं. दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. चौथ्याला म्हणाले, “साखर आहे, साखर! पुढच्या सालीही तुम्हीच राहा. पाणी मात्र सढळ हातानं घातलेलं दिसतंय.”

“घातलंय की, मालक,” हे म्हणाले. मीही मान हलवली.

विहिरीकडून म्हातारीचा खोकला ऐकू आला. बराच वेळ.

आमचं बिऱ्हाड राहिलं, पण हलवलेली ती मान मला अजून टोचते. एक दिवस आजीला मालकांच्या ओसरीवर बसवीन, पहिल्या तोडीची पाटी तिच्यापुढे ठेवीन आणि खरं काय ते मालकांना सांगेन. फक्त त्या वेळी हे तिथं नसले तर बरं.