दत्ताकाकांचं बिनकुलपाचं खातं

कसालच्या बाजारात मी कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे आमच्या वाडीत कुणाचा टीव्ही बिघडो, मोबाइल बिघडो नाहीतर मिक्सर, पहिली हाक मला. मिक्सरचा आणि माझा काय संबंध, हे मी कितीदा ओरडून सांगितलंय, कोण ऐकतो? त्यातही सगळ्यात जास्त हाका शेजारच्या दत्ताकाकांच्या, आणि त्या तीन घरांपलीकडेही ऐकू जातात.

दत्ताकाका कणकवली डेपोत एसटीचे कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण आवाज गाडीतलाच राहिला. कुठल्या गावातली कुणाची मुलगी कुठे दिली, हे त्यांना तोंडपाठ. पडवीत बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला नावानिशी हटकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. अशा माणसाच्या तोंडून एकच नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं, ते म्हणजे बायकोचं. लग्नात घास भरवताना घेतलं असेल तेवढंच. एरवी "गो", "आयकलंस?", आणि फारच झालं तर मुलाच्या नावाने "अक्षयाची आवस", म्हणजे आई. जुनी माणसं, तशीच रीत.

काकीचं नाव सावित्री. ती अंगणवाडीत बाई होती. वाडीतल्या निम्म्या लोकांची नाकं तिने पुसली आहेत, माझंसुद्धा. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समज मात्र होती तशीच लख्ख, आणि तेच जास्त वाईट वाटायचं. जिला सगळं कळतंय तिला एक शब्द बोलता येऊ नये! आणि भेटायला येणारेही असे, की तिच्या उशाशी उभं राहून काकांना विचारणार, "पेशंट जेवता काय?" हॉस्पिटलात सगळे तिला आजी म्हणायचे. घरात "तिका उठव", "तिका गोळी दी". बाई म्हणणारी पोरं मोठी होऊन पांगली होती. सावित्री म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

काकी घराबाहेर पडू शकत नाही म्हटल्यावर काकांनी बाहेरचं सगळं घरात आणायचा धडाका लावला. मोबाइल घेऊन सकाळी निघायचे आणि जे दिसेल त्याचं चित्रण करायचे. देवळातली पालखी, काजूला आलेला मोहर, कसालचा बाजार, माशांवरून चाललेली भांडणं. एकदा एसटी पकडून काकीच्या माहेरी आरोंद्याला जाऊन खाडीसुद्धा आणली. हे सगळं पडवीतल्या कॉम्प्युटरवर साठवायचं, मग पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि काकीच्या खोलीतल्या टीव्हीला लावायचं. माझ्याकडून हे शिकताना त्यांनी माझं डोकं पिकवलं, पण शिकले.

पण काकीला काय बघायचंय, हे काकांना कळेना. त्यांनी पालखी लावली की ती मान फिरवायची. पालखी काढून बाजार लावला की डोळे मिटून घ्यायची. डाव्या हाताने काहीतरी खुणावायची, काका भलतंच समजायचे, आणि शेवटी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एका दुपारी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. आवाज अगदी खाली आलेला.

"गो शर्मिला, तिका काय व्हया ता माका कळणा नाय. आता ती माझ्याकडे बघूकच तयार नाय. काय तरी कर."

मला एकच उपाय दिसत होता. काकीला स्वतः निवडता आलं पाहिजे. अंगणवाडीत असताना ती पोरांची वजनं सरकारी मोबाइलवर भरायची, त्यामुळे डाव्या हातानेही बोट चालवायला तिला जड नव्हतं. अक्षयने पुण्याहून टॅब्लेट पाठवला. कॉम्प्युटरवरचा काकांच्या चित्रणांचा फोल्डर मी घरातल्या वायफायवर सगळ्यांसाठी खुला केला. आता पडवीतली पेटी आणि खोलीतला टॅब्लेट एकमेकांशी बोलले, की झालं.

बोलतील तर शप्पथ! टॅब्लेटला कॉम्प्युटर दिसत होता, पण आत घेत नव्हता. वापरणाऱ्याचं नाव द्या, पासवर्ड द्या. दत्ताराम हे नाव दिलं, पासवर्डची जागा मोकळी ठेवली, कारण काकांच्या खात्याला पासवर्डच नव्हता. प्रवेश नाकारला. मी परवानग्या तपासल्या, वायफाय बंद करून चालू केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाकारला. काकी पलंगावरून माझ्या तोंडाकडे आशेने बघत होती आणि मी घामाघूम.

मग डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःचाच राग आला. वर्गात मी हेच शिकवते की! ज्या खात्याला पासवर्ड नाही त्यात समोर बसून खुशाल शिरता येतं, पण दुसऱ्या यंत्रावरून येणाऱ्याला कॉम्प्युटर उंबऱ्यावरच अडवतो.

"काका, पासवर्ड घालूक व्हयो."

"कसलो पासवर्ड? माणसा रवतत त्या घराक कुलूप कित्याक?"

काकांचं हे नेहमीचं. आमच्याकडे दाराला कुलूप दिसलं की समजायचं, माणसं मुंबईला गेली. वाडीतली किती घरं तशी बंद पडली आहेत! काकांच्या दाराला दिवसा कधी कडीसुद्धा नसते. तोच न्याय त्यांनी कॉम्प्युटरला लावला होता.

"काका, ह्या यंत्राचा उलटा आसा," मी म्हटलं. "जेच्याकडे किल्ली, तो घरचो. कुलूपच नाय, तर काकीक किल्ली खंयची देतलास?"

काकांनी आपल्या उघड्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

"तू तिकडे बघ," ते म्हणाले.

मी तिकडे बघितलं. मागे एका बोटाने कळा दाबल्याचा आवाज येत राहिला, अगदी सावकाश.

टॅब्लेट घेऊन आम्ही दोघं काकीपाशी आलो. मी नाव भरलं आणि विचारलं, "हां काका, पासवर्ड सांगा." काकांनी टॅब्लेट माझ्या हातातून घेतला आणि स्वतः भरायला लागले. पण त्यांचं बोट जाड, एका दणक्यात दोन-दोन अक्षरं उमटायची. चुकलं. परत चुकलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तिका दी," शेवटी म्हणाले. "ती घालीत."

मी टॅब्लेट काकीच्या मांडीवर ठेवला. काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तुझाच नाव घाल."

काकीचं बोट टॅब्लेटवर गेलं आणि थांबलं. तिने काकांकडे बघितलं. मग तेच बोट उचलून कानाला लावलं. ऐकू आलं नाही, म्हणे!

"तुझा नाव गो, तुझा!"

बोट कानालाच.

"चेडवासमोर काय ह्या!" काका माझ्याकडे बघून करवादले. त्यांच्या लेखी मी अजून पोरगीच. मी तिथून हलायला हवं होतं, पण हलले नाही. असलं काही बघायला मिळत असताना कोण हलेल?

काकांनी घसा खाकरला. आख्ख्या बाजारात हाक मारणारा तो माणूस, इतक्या हळू बोलला की मला जेमतेम ऐकू आलं.

"सावित्री."

काकीचा चेहरा अर्धाच हलतो. पण तो अर्धा चेहरा इतका हसला, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग तिने एकेक अक्षर नीट लावलं आणि फोल्डर उघडला. पालखी मागे टाकली, बाजार मागे टाकला, आणि आरोंद्याची खाडी लावली. खाडी संपता संपता काकांनी चुकून मोबाइल स्वतःकडे वळवला होता. त्यात त्यांचं मोठं नाक दिसतं आणि "बंद खंयसून करतत?" असा आवाज येतो. तेवढाच तुकडा ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. काका म्हणाले, "ह्या बघूचा होता तुका? मी ता काढून टाकणार होतंय!"

निघताना मी 'पासवर्ड लक्षात ठेवा' याच्यापुढे खूण केली. म्हणजे रोजची कटकट नको.

दोन दिवसांनी पुन्हा हाक. "गो शर्मिला, ह्या परत पासवर्ड मागता! बिघाडला काय?" मी चरफडत गेले. सेटिंग उघडून बघते तर मी केलेली खूण काढून टाकलेली. काकांना सेटिंग कशाशी खातात तेही माहीत नाही. मी पुन्हा खूण केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता मी टॅब्लेटवरून नजर उचलून पलंगाकडे बघितलं. काकी वरच्या पंख्याकडे बघत होती, आणि तिचं डावं बोट कानाशी तयार होतं.

मी टॅब्लेट तिच्या मांडीवर परत ठेवला.

"बिघाडलेलो नाय, काका," मी म्हटलं. "तो तसोच आसा. तेका रोज सांगूक लागतला."

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि घसा खाकरला. आज ते नाव मला बाहेर पडताना पायरीवरसुद्धा ऐकू आलं.