घर नावाचा नंबर

हे परदेशी गेले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. त्यांच्या पासपोर्टवर तसंच छापलेलं होतं. पुढे हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि हट्टा गावातल्या आमच्या शाळेच्या पाटीवरचं 'परभणी' खरवडून पेंटरनं तिथं 'हिगोली' रंगवलं. अनुस्वार राहिला म्हणून मी त्याला पुन्हा शिडीवर चढवलं. एका टिंबासाठी बाई किती बोलतात, असं तो गावभर सांगत फिरला. मुलगी तेव्हा माझ्या कडेवर होती.

हे म्हणजे माझे मिस्टर. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, रोज पन्नास पोरांची नावं घसा ताणून पुकारायचे, पण हे एक नाव तोंडात बसलं नाही ते नाहीच. बौद्ध पद्धतीनं आमचं लग्न झालं, किती जुन्या रीती सासऱ्यांच्या काळातच घरातून गेल्या, ही एवढी मात्र कुठून चिकटून राहिली कोण जाणे. तेही माझं नाव घेत नसत. 'ऐकलं का' एवढ्यावर आमचा संसार चालायचा.

ते आयटीआय झालेले वेल्डर. आखातातल्या एका कंपनीत तेलाच्या टाक्या जोडायच्या कामावर गेले. दोन वर्षांसाठी म्हणून गेले आणि दोनाची आठ झाली. मध्ये तीनदा सुट्टीवर आले. दर खेपेला निघताना म्हणायचे, "ह्या टायमाला शेवटचं." पहिली काही वर्षं मी रीतसर वाट पाहिली, म्हणजे चिडून, रडून, पत्रातून चार शब्द सुनावून. नंतर ते आपोआप थांबलं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, आपलाच पाय दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी माझं झालं होतं. लोक विचारायचे, "बाई, कधी येणार साहेब?" मी म्हणायचे, "येतील." त्यात राग नव्हता आणि आशाही नव्हती.

फोन यायचा तो समोरच्या किराणा दुकानात. त्याला तेव्हा पी.पी. नंबर म्हणत, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, पण निरोप तुमचा. दुकानदार रस्त्यापलीकडून हाळी द्यायचा, "बाई, परदेश!" की मी कणकेचे हात तसेच घेऊन धावायचे. साबण-साखर घ्यायला आलेली चार माणसं कान टवकारून उभी असायची. त्यांच्यासमोर नवऱ्याशी काय बोलणार? "बरंय. आई बऱ्या आहेत. पोरगी बरी आहे. ठेवते." आठ वर्षं आम्ही एकमेकांना बरं असल्याचं कळवत राहिलो.

त्या वर्षी पावसाळा सरत आला होता तेव्हा ह्यांचा फोन आला. "मोबाईल पाठवून राहिलो. माझाच हाय, मी दुसरा घेतला. डोंगरकड्याचा एक जण सुट्टीवर येऊन राहिला, त्याच्याजवळ देतो. आन् ऐक, दिवाळीला करार संपतो. मी आता कायमचा येतो. तवर ह्याच्यावर निवांत बोलू." 'कायमचा' हा शब्द त्यांनी पत्रात पुष्कळदा लिहिला होता, पण तोंडानं पहिल्यांदाच काढला. दुकानात गिऱ्हाईकं होती म्हणून मी नुसतं "बरं" म्हणाले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या झटकन उठल्या आणि कशासाठी उठलो ते न कळून परत बसल्या. मला मात्र काही वाटलं नाही. तरी त्याच आठवड्यात, ह्यांच्या खाटेमागच्या भिंतीचे पोपडे निघाले होते, तिथं मी चुना लावून घेतला. का, ते मलाच ठाऊक नव्हतं.

डोंगरकडा गावचा तो माणूस आला. खजूर, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मलम आणि एका पायमोज्यात गुंडाळलेला फोन. तो दुसऱ्या कंपनीत होता, ह्यांची त्याची ओळख तिकडच्या बाजारात झालेली. ह्यांच्याविषयी विचारलं तर म्हणाला, "मजेत हायेत." चहा पिऊन निघून गेला.

वसमतला रांगेत उभं राहून आणलेलं सरकारी सिम मी त्यात घातलं. पडद्यावर अरबी अक्षरं उमटली, खाली एक चौकोन आला आणि फोन कसलासा आकडा मागू लागला. मी मुलीची जन्मतारीख घातली, मग लग्नाची तारीख घातली. फोननं दाद दिली नाही.

"काहून चालंना? सिम तर नवं हाय," सासूबाई म्हणाल्या.

"फोन तिकडचा आहे ना आई. त्याला कुलूप असतंय."

"मंग किल्ली काहून न्हाई धाडली त्यानं?"

प्रश्न बरोबर होता. मी फोन परत पायमोज्यात घातला.

रविवारी नांदेडला गेले. मोबाईल दुरुस्तीवाल्यानं फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, ये बंधेला फोन है. उधर जिस कंपनी का है उसीच का सिम लेता. अपना सिम डाले तो पहचानताच नई." त्यानं वायर लावून फोन कॉम्प्युटरला जोडला. "एक बार खोल दिया तो जिधर जाएगा उधर का हो जाएगा," असं वर सांगितलं. अर्ध्या तासात फोन उघडला. सुरू होताना तिकडच्या कंपनीचं नाव अरबीत येई, ते काही जाईना, पण नंतर कोपऱ्यात आपल्या सरकारी कंपनीचं नाव आणि रेंजच्या तीन काड्या. भाषाही त्यानं इंग्रजी करून दिली. मग विचारलं, "अंदर पुराने नंबर हैं. रखूँ के उडा दूँ?"

मी म्हटलं, "राहू द्या."

विचार करून म्हटलं नव्हतं. आलेल्या डब्यातलं काही फेकायचं नाही, ही घरातली सवय.

परतीच्या एसटीत ते नंबर वाचत बसले. वीसेक असतील, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. 'फोरमन', 'मेस', 'गाडीवाला', मग 'केरळ', 'बिहार मोठा', 'बिहार लहान'. माणसांना नावं नव्हती, मुलूख होते. 'हट्टा पी.पी.' असाही एक होता. ती मी. आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं माझ्या बरोबर वर होता 'घर'. नंबर पाहिला. आमच्या दुकानदाराचा नव्हता, माझ्या माहेरचा नव्हता, आपल्या इकडचाच नव्हता.

आमच्या भागातल्या माणसानं बायकोला नावानं न पुकारता काय म्हणावं हे ठरलेलं आहे. शाळेतले गुरुजी सांगायचे, "घरून निरोप आला." "घरी विचारून सांगतो." कुणाच्या भिंतींनी कधी निरोप धाडलाय? घर म्हणजे बायको, हे लहान लेकरालाही कळतं. आणि ह्यांच्या फोनात मी हट्टा पी.पी. होते आणि घर दुसरीकडे होतं.

सवत हा शब्द डोक्यात आला, तोही पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ दिलेले असतात तसा आला, कोरडा. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कापूस फुटला होता. घरी आल्यावर भाकरी केल्या, मुलीचा पाढा घेतला. तेरा सक्के तिनं चुकवलं तर मी तिला मारलं. मी कधी मारत नसे.

पुढचे दिवस तसेच गेले. दुकानातल्या फोनवर मी ह्यांना नवा नंबर सांगितला, त्यावर त्यांचा दोनदा फोन आला; त्यांचा नंबर मात्र पडद्यावर उमटला नाही. आता दुकान नव्हतं, गिऱ्हाईकं नव्हती, मी गच्चीवर एकटी होते, हवं ते विचारता आलं असतं. विचारलं नाही. ते म्हणाले, "निवांत बोल की." मी म्हटलं, "बरंय सगळं." माझ्याजवळ दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. मी त्यांना एकदा सहज म्हटलं, तुमचा नंबर द्या, मीच करत जाईन. तर म्हणाले, "तुला लागणार न्हाई, मीच करतो." 

दुसऱ्या दिवशी मी 'घर'वर बोट दाबलं. एक बाई मराठीत म्हणाली की आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी रोज एकदा लावायचे आणि ती बाई रोज गोड आवाजात घर अस्तित्वात नसल्याचं सांगायची. हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं घर असतं तर. बऱ्याच दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की तो नंबर तिकडून तिकडे लावायचा आहे. फोन आता इकडचा झालाय, त्याच्यापुढे देशाचा आकडा हवा. ह्यांच्या जुन्या पाकिटांवर कंपनीचा छापील पत्ता होता, त्यात फोनच्या आधी अधिकचं चिन्ह आणि तीन आकडे होते. ते मी खडूनं चुलीजवळच्या फळीवर लिहून ठेवले. तरी लगेच लावला नाही. दिवाळी येऊ दिली, जाऊ दिली. ह्यांचा येण्याचा निरोप आला नाही.

सुट्टीतला शुक्रवार होता. तिकडे शुक्रवारी आराम असतो हे ठाऊक होतं. दुपारची जेवणं झाली, मुलगी खेळायला गेली, सासूबाई अंगणात सुपात ज्वारी निवडत बसल्या. मी गच्चीवर गेले, आधी ते तीन आकडे, मग घराचा नंबर. रिंग आपल्यासारखी नव्हती, लांब लांब वाजत होती.

"हॅलो, कौन?"

पुरुषाचा आवाज. मागे कुकरची शिट्टी, टीव्ही, ताटं मांडल्याचा आवाज. मी बाईचा आवाज हुडकत होते. सापडेना.

आता मागायचं कुणाला? नाव तर तोंडातून येईना. मी म्हटलं, "हिंगोलीवाले हैं?"

"कौन हिंगोली? राँग नंबर है."

तो ठेवणार तेवढ्यात लख्ख कळलं. ज्या माणसाला मी मागत होते तो गेला तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. "परभणी," मी घाईनं म्हटलं. "परभणीवाले."

"अरे, अपना परभणी!" तो तिकडे ओरडला. "ओ परभणी, तेरा फोन! लेडीज है!"

खोलीभर हशा पिकला. मग ह्यांचा आवाज, तोंडात घास असलेला. "हां, कौन?"

"मी."

घास गिळल्याचं इथं ऐकू आलं. "काय झालं? आईला काही झालं का?"

"आई बऱ्या आहेत. फोनात हा नंबर होता. घर म्हणून."

"व्हय, रूमचा हाय," ते म्हणाले. "बारा जण ऱ्हातोत आमी. तू नको लावत जाऊ इथं, हे पोरं लय चिडवतेत." आवाजात चोरटेपणा अजिबात नव्हता. उलट खुशीत होते. "आज मटण हाय. बिहार मोठ्यानं केलं. त्याच्या हाताला लय चव."

म्हणजे बाई नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. मी थांबले, वाटेल म्हणून. वाटलं नाही. बाई असती तर तिला शिव्या देता आल्या असत्या, ह्यांच्याशी भांडता आलं असतं, त्यांना तिच्याकडून सोडवून आणता आलं असतं. कुकरच्या शिट्टीशी आणि बारा ताटांशी कसं भांडायचं?

"दिवाळी झाली," मी म्हटलं. "करार संपला ना?"

"हां. ते सांगणारच होतो." मागचा टीव्ही कुणीतरी बारीक केला. "साहेब म्हणून राहिले, आणखी दोन वर्षं थांब. मी परवा सही केली."

"बरं."

"राग आला का?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. खाटेमागची पांढरी भिंत डोळ्यांपुढे आली आणि गेली.

"मंग ठेवू? ओव्हरटाइम होता, आत्ताच घरी आलो. सकाळपासून उपाशी हाव." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नाही.

"जेवा," मी म्हटलं. "सावकाश जेवा."

फोन बंद करून मी जिन्यानं खाली आले. सासूबाईंनी मान वर केली. "त्याचाच होता ना फोन? कव्हा येतो म्हन्ला घरी?"

"घरी आलेत," मी म्हटलं. "जेवून राहिलेत."

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पदर सारखा करत फाटकाकडे बघू लागल्या.