आगाऊ आहेर

“भीक नको मला, पोरीच्या लग्नाचा आहेर आत्ताच द्या!” बोरी गावात आमची काकू ओरडली आणि त्या आवाजानं तिकडं लांब पिंगळी स्टेशनात गाडी जागीच थांबली. सात वर्षांच्या लेकीच्या कॅन्सरपायी तिची म्हैस विकली गेली होती, गळ्यातलं डोरलंही गेलं होतं, आणि लोक हळहळत नोटा घेऊन दारात आले होते. काकूनं केस गेलेल्या पोरीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि एकेकाला ऐटीत पुढं बोलावलं. निम्मा जिल्हा रांगेत होता म्हणा! एक पाव्हणा चुकचुकला, “वैनी, लेकरू लग्नापस्तोर टिकंल का?” इतक्या वर्षांनी काल त्या पोरीची लग्नपत्रिका आली, हळदीचा वास दरवळला आणि काकूनं तेव्हा मान न उचलता दिलेलं उत्तर आठवलं, “तारीख कळवते, भावजी.”