पोर्तुगालचं जहाज आणि आमचा नारळ

आषाढात चौथीच्या वर्गात मी बाकं जोडून जहाज केलं, चादरीचं शीड लावलं. "तुम्ही पोर्तुगालचे खलाशी. चढा, भारत शोधायला निघायचंय!"

एकही पोर हललं नाही. मिरकरवाडा बंदरात वडिलांची होडी असलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, नारळी पौर्णिमेआधी समुद्रात कोण जातं?"

मी वैतागले. "अगं, पोर्तुगालात कसली आलीय नारळी पौर्णिमा!"

"पण यायचंय तर आपल्याच समुद्रात ना?"

दुसऱ्या दिवशी मी घरून नारळ नेला. बादलीतल्या समुद्राला पोरांनी तो वाजतगाजत वाहिला, मग प्रसादाला फोडला, तेव्हा कुठे जहाज सुटलं. भारताच्या किनाऱ्यावर उतरताना पोर्तुगालच्या समस्त खलाशांची तोंडं खोबऱ्याने भरलेली होती.