अल्बमवरचा बेस

आमच्या अल्बममधली बेस गिटार माझ्या मित्राने वाजवलेली नाही. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, खुद्द त्यालाही नाही.

पिरंगुटला त्याचं नळ-फिटिंगचं दुकान आहे. मी हिंजवडीत नोकरी करतो, कीबोर्ड वाजवतो, जरा गातो. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा, पण जीव सगळा रेगे संगीतावर. "समेवर सगळेच येतात रे," म्हणायचा, "तितं गप बसायला जिगर लागती." पहिला ठोका मोकळा सोडून तो मागून, आळस देत आल्यासारखा सूर टाकायचा. माझ्या चाली पॉपच्या, गोड, लगेच तोंडात बसणाऱ्या. दोन्ही मिळून अल्बम करायचं ठरलं. रविवारी दुकानाचं शटर ओढून, भिंतींना गाद्या टेकवून आम्ही रेकॉर्डिंग केलं. बाहेरून ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून.

मिक्सिंग माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठोक्यांच्या उभ्या रेघा दिसतात. त्याचा प्रत्येक सूर रेघेच्या किंचित मागे होता. चुकतोय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर त्याच्या बेसशेजारी माझं गाणं बस सुटेल म्हणून धावणाऱ्या माणसासारखं वाटत होतं. मी पुन्हा गायला हवं होतं. त्याऐवजी त्याचा बेस काढला आणि तेच सूर कीबोर्डवर वाजवून, रेघेवर नेमके बसवून भरले.

तयार अल्बम त्याने शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, "आयला, एवढा साफ वाजवला मी? का तू काय कारागिरी केली?"

"तूच आहेस," मी म्हणालो.

तेव्हापासून दुकानात तो अल्बम चालूच असतो. गिऱ्हाईक पाइप वळवायचा एल्बो मागतं, हा आधी विचारतो, "बेस ऐकला का? आपला हाय." त्याची बायको, आमच्या भाभी, आतून ओरडतात, "आधी एल्बो द्या त्यास्नी. बेसनं नळ जोडायचाय का?"

मध्यंतरी लवळ्याच्या एका कॉलेजातून आम्हा दोघांना कार्यक्रमाचं बोलावणं आलं. तो नाही म्हणाला. मी दुकानात गेलो, तर गिटार खोळीत, माळ्यावर.

"अल्बमसारखं बसंना," तो म्हणाला. "रोज लावतो, संगं वाजवतो. मागंच पडतोय. हात गेला माझा. तुमी जा साहेब, एकटे."

एरवी मला चिडवायला साहेब म्हणतो. त्या दिवशी चिडवत नव्हता.

भाभींनी चहा आणला. "लई मनाला लावून घेतलंय, भाऊ. तुमी तरी सांगा काहीतरी."

मी चहा प्यायलो. वय झालं आपलं, असं काहीसं बोललो आणि निघालो.

त्याचा हात कुठेही गेलेला नाही. पूर्वी जिथे वाजवायचा तिथेच आजही वाजवतोय. तो ज्याच्या मागे पडतोय, ते त्याचं वाजवणं कधी नव्हतंच.

मूळ रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. परवा ऐकलं. पहिला ठोका मोकळा, मग तो येतो. एका गाण्यात मागे ट्रकही आहे. ते छान आहे. माझ्यापेक्षा छान आहे.

ते रेकॉर्डिंग मी त्याला देणं लागतो. आणि ते देताना, भाभींसमोर, अल्बमवर तू नाहीस, मी आहे, हे सांगणंही.